शेवंतीला अंधार हवा होता

नागपूरहून संशोधनासाठी बेंगळुरूला आले तेव्हा मी भाड्यानं फक्त एक खोली घेतली होती. खोलीबरोबर अक्का आणि अण्णा हे दोघंही पदरात पडले. "पदरी पडलं, पवित्र झालं," असं मी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "त्यांनाही एकदा विचार, त्यांना काय वाटतंय ते."

नव्वदच्या दशकातलं जे. पी. नगर म्हणजे घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त, आणि प्लॉटांपेक्षा खड्डे जास्त. त्यात यांचं ते बैठं घर, पुढं छोटं अंगण, कंपाउंडची भिंत आणि लोखंडी फाटक. घरमालकीण अक्का आणि तिचा नवरा अण्णा. सगळी गल्ली त्यांना याच नावांनी हाका मारायची. पहिले काही दिवस मी त्यांना बहीण-भाऊच समजत होते, आणि सख्खी बहीण-भावंडं या वयात एकमेकांवर इतकी कशी खेकसतात याचं नवल करत होते. नवरा-बायको आहेत हे कळल्यावर नवल संपलं.

घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं आणि परत जायचं विसरलेलं. अक्का मराठी बोलता बोलता कानडीत शिरायची आणि परत यायची, मधे कुठं दार वाजवायची नाही. माझं नाव तिनं पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं आणि मला 'पुट्टी' केलं. पुट्टी म्हणजे छोटी. मी तिच्यापेक्षा वीतभर उंच होते, पण त्यावर अपील नव्हतं.

"दिवसभर करतेस काय गं तिथं?" असं तिनं विचारलं तेव्हा मी हौसेनं सांगायला बसले. झाडाला मेंदू नसतो, नसा नसतात. तरी मुळाला कळतं खाली जायचं, शेंड्याला कळतं उजेडाकडं वळायचं. हे निरोप पोचवणारी द्रव्यं झाडाच्या अंगातच तयार होतात, त्यांना संप्रेरकं म्हणतात, हार्मोन. एका ठिकाणी तयार होतात आणि दुसऱ्या ठिकाणी हुकूम चालवतात. उदाहरणार्थ ऑक्झिन. ते शेंड्यात तयार होतं, खाली उतरतं आणि बाजूच्या कळ्यांना डोकं वर काढू देत नाही. शेंडा खुडला की मग त्या कळ्यांना फांद्या फुटतात.

"म्हणजे थोरली जाऊ," अक्का म्हणाली. "ती माहेरी गेली की बाकीच्या बोलायला लागतात."

हे वाक्य मी माझ्या गाईडना सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "प्रबंधात घालू नकोस."

माझा प्रबंध मात्र थोरल्या जावेवर नव्हता, न सापडलेल्या सुनेवर होता. पुस्तकातली संप्रेरकं पकडली गेली होती, त्यांच्या बाटल्या आमच्या फ्रीजमध्ये ओळीनं उभ्या होत्या. पण झाडाला 'आता फुला' असं सांगणारं जे कोणी होतं, ते कोणाच्या हाती लागत नव्हतं. त्याला फ्लोरिजेन असं नाव मात्र आधीच ठेवून झालं होतं. बाळाचा पत्ता नाही आणि बारसं उरकलेलं. ते असतं यावर सगळ्यांचा विश्वास होता, कारण फुलायला आलेल्या झाडाचं पान दुसऱ्या, न फुलणाऱ्या झाडावर कलम केलं तर तेही फुलतं. म्हणजे पानातून शेंड्याकडं काहीतरी जातं खास. काय जातं ते शोधायला मी दिवसचे दिवस एका अंधाऱ्या खोलीत मिणमिणत्या हिरव्या दिव्याखाली पानं कुटत होते. हिरवाच दिवा, कारण पानांना तो जवळजवळ दिसत नाही. बाकी कुठलाही उजेड चालत नसे.

"म्हणजे फोटो धुवायचं दुकान," अक्का म्हणाली. पुढं मी कुठं काम करते असं कोणी विचारलं की ती हेच सांगायची.

अण्णांना मात्र त्या अंधाऱ्या खोलीबद्दल खोदून खोदून विचारायचं असे. किती अंधार? दार सापडतं का? भीती नाही वाटत? मला त्या प्रश्नांची गंमत वाटायची. अण्णा एका सरकारी कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, अतिशय नीटनेटका माणूस. पेन्सिलीला टोक काढलं तरी त्याचा भुगा कागदाच्या पुडीत बांधून टाकणारे. त्यांना रातांधळेपणा होता. दिवसा पेपरातली बारीक अक्षरं वाचायचे, आणि सूर्य मावळला की हातातली वाटी दिसायची नाही. डॉक्टरांनी औषध नाही म्हणून सांगितलं होतं. "माझं दुकान सहाला बंद," असं ते हसत म्हणायचे. संध्याकाळी घरातले सगळे दिवे लागलेले असत, अगदी मोरीतला आणि माळ्यावरचासुद्धा, आणि वायफळ खर्चावर गल्लीभर व्याख्यानं देणारी अक्का त्याबद्दल चकार शब्द काढत नसे.

मी आले त्या वर्षीच्या थंडीत अण्णा दुधाच्या बूथवरून परतताना अंधारात सापडले आणि कोपऱ्यावरच्या उघड्या गटारात पडले. मनगट मोडलं. त्यांना त्याहून जास्त लागलं ते दोन पोरांनी हात धरून घरी आणून सोडलं त्याचं. त्यानंतर ते संध्याकाळी फाटकाबाहेर जाईनात. बूथ हाकेच्या अंतरावर, पण दूध अक्का आणायला लागली.

अक्कानं मग रस्त्यावरच्या दिव्यासाठी मोहीम उघडली. डबा घेऊन ती कॉर्पोरेशनच्या ऑफिसात जाऊन बसायची. भांडायची नाही, फक्त बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णांच्या मनगटाची हकिगत सांगायची. शेवटी तिथला शिपाईसुद्धा तिला अक्का म्हणायला लागला, आणि साहेबांना ती हकिगत पाठ झाली. उन्हाळ्यात खांब आला. तो कोपऱ्यावर रोवायचा बेत होता, पण अक्कानं "आमच्या फाटकासमोरच" म्हणून तो बरोब्बर कंपाउंडला लागून रोवून घेतला. दिवा लागला तो चांगला मोठा, पिवळाधमक. तिनं खांबाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, लाईनमनला चिरोटे दिले. अण्णा त्या संध्याकाळी एकटे जाऊन दूध घेऊन आले. पिशवी अक्काच्या हातात देताना एखाद्या पोरानं शाळेतून बक्षीस आणावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला त्या दिव्याचं मनापासून कौतुक वाटलं. झाडांचा अभ्यास करणाऱ्या बाईच्या डोक्यात तेव्हा काही म्हणता काही आलं नाही.

त्याच भिंतीच्या आत, खांबाच्या पायाशी, अक्काचा शेवंतीचा वाफा होता.

शेवंती म्हणजे ती जुनी, गावठी, पिवळी. घराण्याचं दैवत खंडोबा, इकडे त्यालाच मैलार म्हणतात. चंपाषष्ठीला देवाला हार घालायचा तो घरच्या वाफ्यातल्या शेवंतीचाच. रोडग्याला बाजरी मिळाली नाही तर नाचणी चालायची, त्यावर खंडोबानं कधी तक्रार केली नव्हती. पण फूल घरचं. लग्न होऊन आल्यापासून अक्कानं एकही चंपाषष्ठी विकतच्या फुलांवर काढली नव्हती. बाळंतपणाच्या वर्षी शेजारणीला इडल्या पोचवून वाफ्याला पाणी घालून घेतलं होतं, पण नेम मोडला नव्हता. तिच्या बाकीच्या देवधर्मात बरीच ढिलाई होती. एकादशीला ती बिनदिक्कत उपमा खायची. ह्या एका गोष्टीत मात्र ती हटून होती, आणि देवापुढं ताठ मानेनं उभी राहायची ती ह्याच्याच जोरावर.

त्या वर्षी शेवंती उंच वाढली, हिरवीगार झाली, पण गणपती येऊन गेले तरी कळीचं नाव नाही. अक्कानं आधी खताला दोष दिला, मग पलीकडच्या घरातल्या बाईच्या नजरेला. मग संशयानं माझ्याकडं पाहिलं. "त्या फोटोच्या दुकानातलं काही हाताला लागून येत नाही ना तुझ्या?"

मी चिडून अंगणात गेले. संध्याकाळ होती. खांबावरचा दिवा लागला आणि सगळा वाफा पिवळ्या उजेडात न्हाऊन निघाला. मला माझ्याच डोक्यात टपली मारावीशी वाटली. मी जे दिवसभर प्रयोगशाळेत करत होते, तेच कॉर्पोरेशन रात्रभर अंगणात करत होतं, फक्त उलटं.

अक्काला स्वयंपाकघरात बसवून सगळं समजावलं. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. थंडीच्या तोंडावर रात्र लांबत जाते. सलग पुरेसा अंधार मिळाला की पानाला कळतं, आता फुलायचे दिवस आले. मग ते शेंड्याला निरोप धाडतं. पण मधे उजेड पडला की पानाचा हिशेब मोडतो. त्याला वाटतं रात्र झालीच नाही. निरोप जात नाही. शेंडा बिचारा वाट बघत नुसती पानंच काढत बसतो.

अक्का कणीक मळत ऐकत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे तो दिवा," ती म्हणाली. "मीच आणलेला."

"हो."

"मग आता?"

हे 'मग आता' तिनं मला विचारलं नव्हतं, हे मला कळत होतं. बाहेरच्या खोलीत अण्णा रेडिओ ऐकत होते. खांबावरचा दिवा काढा म्हणून ऑफिसात जाऊन बसली असती, तर तिच्या तोंडाकडं बघून त्यांनी तोही काढला असता. तिनं कणीक पुन्हा मळायला घेतली आणि म्हणाली, "दिवा राहू दे. फुलाचं काय करायचं ते सांग. एवढं शिकलीस ना?"

वाफा मागच्या अंगणात हलवता येत नव्हता. तिथं नारळाची सावली, आणि त्या दिवसांत मुळं उपटली असती तर झाडांनी मानच टाकली असती. तेव्हा मी सुचवलं की रोज संध्याकाळी वाफ्यावर काळं कापड घालायचं आणि सकाळी काढायचं. महिन्याभरात कळ्या दिसतील, चंपाषष्ठीपर्यंत फूल. "पण एक लक्षात ठेवा," मी गाईडांच्या थाटात बोट उंचावून म्हटलं, "आत उजेडाचा एक कणसुद्धा जाता कामा नये."

अण्णांचा तर सण सुरू झाला. कागद काढला, पट्टी काढली, वाफ्याचं माप घेतलं आणि बांबूच्या घडीच्या सांगाड्याचं तीन बाजूंनी चित्र काढलं. समोरून, वरून आणि बाजूनं. एवढ्याशा वाफ्याला पुलाची शोभा आली. काळं कापड आणलं, अक्कानं शिवणयंत्रावर दुहेरी शिवलं. पहिल्या संध्याकाळी पांघरूण घातलं तेव्हा शेजारची माणसं फाटकाशी जमली. "काय झालं, गेलं की काय कोणी?" असं एकानं विचारलं. अक्का म्हणाली, "शेवंती झोपलीय. आवाज बेड." बेड म्हणजे नको. त्या दिवसापासून आमच्या अंगणात सगळे हळू बोलायला लागले, जणू झाडं खरंच आवाजानं उठतील.

तुळशीपुढं दिवा लावला की अक्का पांघरूण घालायची आणि सकाळी रांगोळीच्या आधी काढायची. तिनं एकही दिवस चुकवला नाही. नवरात्र झालं, दसरा झाला. कळी नाही.

मी शिवण तपासली. जिथं सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तिथं ठिगळ लावलं. कापड दुहेरीचं तिहेरी केलं. मग चंद्रावर संशय घेतला. गाईडना विचारलं तर ते म्हणाले, "तुझी इथली झाडंही काही सांगत नाहीत आणि घरचीही नाहीत. निदान सुसंगती आहे." मला भयंकर राग आला. प्रयोगशाळेत पानं कुटून काही हाती लागत नव्हतं ते एक वेळ ठीक, तिथं सगळं जग माझ्यासारखंच रिकाम्या हातानं बसलं होतं. पण शेवंतीला अंधार दिला की ती फुलते, हे कुंडीतली झाडं विकणाऱ्यालाही माहीत असतं. ती माझ्या सांगण्यावरून फुलेना. दिवाळीत अक्का फराळाचं ताट देताना म्हणाली, "येईल की. घाई काय," आणि मी चकली ताटात परत ठेवली. हिचा एवढ्या वर्षांचा नेम माझ्या भरवशावर होता.

दिवाळीची सुट्टी अजून होती. एका दुपारी अक्का भजनाला गेली असताना मी ठरवलं, सांगाडा एकदा आतून नीट बघायचाच. दिवसा तो भिंतीशी घडी करून उभा असे. मी तो उघडून जमिनीवर उताणा केला. वरच्या आडव्या बांबूला आतल्या बाजूनं एक बारीक वायर बांधलेली होती, टीचटीचभर अंतरावर पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी, प्रत्येक गाठ सारखी. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक होल्डर. होल्डरमध्ये झिरोचा बल्ब, देवघरात असतो तसला लाल.

त्या गाठी बघून हे काम कोणाचं ते विचारायचीही गरज नव्हती.

उगाच कोणी म्हणू नये की मी शांत डोक्यानं वागले. मी तो बल्ब हातात घेऊन तडक बाहेरच्या खोलीत गेले. "अण्णा, हे काय आहे?"

अण्णांनी पेपर खाली घेतला. चोरी पकडली गेल्यावर ड्राफ्ट्समनसुद्धा चोरासारखेच दिसतात. "स्वल्प उजेड," ते म्हणाले. "एवढासाच. पंधरा वॅटचा."

"पण मी कणसुद्धा नको म्हटलं होतं! आणि लाल? हिरवा लावला असतात तरी एक वेळ चाललं असतं हो. नेमका लालच रंग पानांना सगळ्यांत जास्त कळतो. तुम्ही तर रोज त्यांना हाका मारून उठवत होतात!"

"लाल सौम्य वाटला," अण्णा म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. "बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा दिवा मालवत नाहीत, पुट्टी. आपल्याकडची पद्धत आहे. यांना कळ्या यायच्या, आणि आपण वरून कापड टाकून चारी बाजूंनी बांधून टाकायचं? रात्रभर?"

मी हातातला बल्ब खाली ठेवला.

"तू हौसेनं अंधारात जातेस," ते म्हणाले. "काम झालं की दार उघडून बाहेर येतेस. दार कुठं आहे तेच दिसत नाही, तेव्हा कसं होतं ते मला माहीत आहे. मला त्यांच्यावर ते कापड टाकवत नव्हतं. म्हणून मग..."

माझा सगळा राग विरघळला आणि त्याची जागा जरा लाज, जरा रडू यांनी घेतली. मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले. हळू आवाजात सांगितलं की अण्णा, झाडांना भीती नाही वाटत. त्यांना रात्र हवी असते. आपण जसं उजेडाची वाट बघतो, तशी ती अंधाराची बघतात. तो मिळाला नाही तर त्यांना कळतच नाही की आता फुलायचंय. अण्णांनी मान डोलावली, पण त्यांना ते खरं वाटलं की नाही मला सांगता येणार नाही. ते उठले, प्रत्येक गाठ स्वतः सोडवली, वायर गुंडाळली, बल्ब पुसून खोक्यात ठेवला.

"हिला सांगू नकोस," ते म्हणाले. "चंपाषष्ठीची फुलं माझ्यामुळं गेली असं कळलं तर..."

मी नाही सांगणार म्हटलं. त्यांनी त्या संध्याकाळी पांघरूण घालताना अक्काबरोबर येणं टाळलं. आत रेडिओ मोठा करून बसले होते.

मग कळ्या आल्या. हिरव्या, मिरीएवढ्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला. मी त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा अंगणात उडी मारली आणि अक्कानं "शू!" केलं. पण मी मनातल्या मनात दिवस मोजले आणि आनंद तिथंच आटला. मिरीचं फूल व्हायला जितके दिवस लागतात, तितके चंपाषष्ठीला उरले नव्हते. संप्रेरकाला पंचांग कळत नाही.

चंपाषष्ठीच्या सकाळी अक्का मार्केटमधून शेवंतीचा हार घेऊन आली. चांगला जाड, टपोऱ्या फुलांचा, घरच्यापेक्षा कितीतरी देखणा. तिनं तो देवाला घातला, भंडारा उधळला, यळकोट केला. अण्णांनी आणि मी एकमेकांकडं बघायचं टाळलं. मी अक्काच्या चेहऱ्याकडं चोरून पाहत होते. मला वाटत होतं, ती निदान देवाला काहीतरी पुटपुटेल, डोळ्याला पदर लावेल. ती म्हणाली, "भरीत स्वल्प तिखट झालंय. पुट्टी, दही घे." बस्स.

मला ते सहन झालं नाही. रडली-भांडली असती तर बरं वाटलं असतं. एवढ्या वर्षांचा नेम मोडला आणि ही बाई भरताबद्दल बोलते, याचा मला चक्क राग आला. माझ्या मनात हिच्या भक्तीबद्दलही शंका येऊन गेली.

शेवंती फुलली ती नंतर, मार्गशीर्षाच्या अखेरीला, सणवार काही नसताना. आणि फुलली म्हणजे काय फुलली. पान दिसेना. अण्णा दुपारभर वाफ्याशी खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक फुलाला जवळून बघायचे, जणू त्याची माफी मागत होते.

त्यातल्या एका संध्याकाळी मी कामावरून आले तर अक्का पायरीवर बसून फुलं ओवत होती. पहिला हार तिनं उशिरानं का होईना, देवासाठी बाजूला ठेवला होता. मला जवळ बसवून माझ्या वेणीत एक गजरा खोवला. अण्णा दूध आणायला गेले होते. खांबावरचा दिवा नुकताच लागला होता. शेवंतीचं काम झालं होतं, पांघरूण आता घालावं लागत नव्हतं.

"अक्का," मी म्हटलं, "वाईट वाटलं का हो? चंपाषष्ठीला नव्हती म्हणून?"

"वाटलं की," ती म्हणाली. "दोन दिवस जेवण गोड लागलं नाही."

"मग दिसलं नाही तसं."

"दाखवलं असतं तर ह्यांना वाटलं असतं, तो बल्ब लावला म्हणून झालं."

माझ्या हातातली फुलं खाली पडली. ती तिनं वेचली, एक फुंकर मारली आणि परत परडीत टाकली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वायर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेली होती, पुट्टी. मी काय तिथं डोळे मिटून पोळ्या लाटत होते? पहिल्याच आठवड्यात दिसली."

"मग काढली का नाहीत? मी तर सांगितलं होतं, एक कणसुद्धा..."

"सांगितलंस की. चांगलं बोट वर करून सांगितलंस." ती हसली. दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडली. "पण कापड घातलं की हे आत येऊन कॉटवर बसायचे आणि उठायचे, बसायचे आणि उठायचे. म्हणायचे, त्यांना आत कसं वाटत असेल गं. बल्ब लावला तेव्हापासून शांत झोपायला लागले. मी काढायची ती वायर? फुलासाठी?"

न सापडलेल्या एका निरोपासाठी मी अख्खा दिवस अंधारात बसत होते, आणि ही बाई रोज संध्याकाळी, आत लाल दिवा जळतोय हे ठाऊक असून, त्याच्यावर नीट चारी बाजूंनी कापड बांधत होती. मला तिचा हेवा वाटला.

"आणि देव?" मी शेवटी विचारलं. "त्याला काय सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? म्हटलं, एक वर्ष बाजारची घे." तिनं परडी उचलली आणि कोपऱ्याकडं पाहिलं. "खंडोबाला अंधारातसुद्धा दिसतं, पुट्टी. ह्यांना नाही दिसत."

आणि ती फाटक उघडायला गेली, कारण दिव्याच्या उजेडातून अण्णा दुधाची पिशवी घेऊन येत होते.